चार जीबीतला पाऊण जीबी कुठे गेला?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

आम्ही चार-पाच जण गेली काही वर्षं मंडळातल्या ज्येष्ठांचे संगणक बघून देतो. सगळ्यांत जास्त ऐकलेली तक्रार एकच : "चार जीबी रॅमचे पैसे दिले, पडद्यावर ३.२५च दिसतात. दुकानदारानं फसवलं." हुबळी-धारवाडात असा शब्द दुपारी निघाला की संध्याकाळी दुकानात पोचतो. कुणाच्या पोटावर पाय येण्याआधी शहानिशा बरी.

बहुतेक वेळा घरात विंडोजची जुनी, ३२ बिटची आवृत्ती असते. रॅममधल्या प्रत्येक बाइटला पत्ता लागतो आणि तो ३२ घरांचा. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. आपला पिन कोड घ्या. १९७२ साली तो सहा आकडी ठरला. सहा आकड्यांत दहा लाखांहून जास्त क्रमांक बसतच नाहीत. तसेच ३२ घरांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात, म्हणजे बरोबर चार जीबी. पण ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क, बायोसची चिप यांनाही त्याच यादीतले पत्ते द्यावे लागतात. मग तेवढी रॅम पट्टीवर असूनही तिला पत्ता उरत नाही. प्रोसेसर चालत असेल तर ६४ बिटचं विंडोज घालणं हा उपाय. मात्र त्याआधी फोटो-कागदपत्रं दुसरीकडे उतरवा, आणि जुना प्रिंटर त्यावर चालेल का ते विचारा.

६४ बिटवरही थोडी रॅम कमी दिसते, कारण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्याच्या कामासाठी रॅममधलाच वाटा बाजूला काढला जातो. रिसोर्स मॉनिटरमध्ये तो 'हार्डवेअर रिझर्व्ड' या नावानं दिसतो.

अगदी निम्मी रॅम गायब असेल तर गोष्ट वेगळी. संगणक सुरू होतानाच बायोसमधला आकडा बघा. तिथेच कमी असेल तर पट्टी नीट बसलेली नाही किंवा बिघडली आहे. वायर काढा, पट्टी काढून तिचे सोनेरी दाते खोडरबरानं हलके पुसा, खटका वाजेपर्यंत दाबून बसवा. पावसाळ्याच्या दमट हवेत एवढ्यानंच बरीच कामं होतात. नाही झालं, तर एकेक पट्टी लावून बघा. बायोसमध्ये आकडा पूर्ण आणि विंडोजमध्ये खूपच कमी असेल, तर एमएसकॉन्फिगमध्ये 'मॅक्झिमम मेमरी'वर कुणी खूण करून ठेवली आहे का ते तपासा. आणि पट्टी दुसऱ्या संगणकातही चालली नाही, तरच बिल घेऊन दुकानात जा.

हार्ड डिस्कचं मात्र निराळं. हजार जीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ दाखवते, आणि त्यात कुणी काही घेतलेलं नसतं. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आज सराफ १० ग्रॅमचा धरतात. शब्द एक, मापं दोन. डिस्क बनवणारे शंभर कोटी बाइटचा जीबी धरतात, विंडोज १०७ कोटींहून थोडा मोठा. रॅममध्ये हा घोळ नाही, ती विकतात आणि मोजतात एकाच मापानं.

मंडळाचा हिशेबाचा संगणक अजून ३२ बिटचाच आहे. वर्गणीच्या पावत्या छापायला सव्वातीन जीबी पुरतात, म्हणून आम्ही त्याला हात लावलेला नाही.