कॉटन ग्रीनची हिरवळ



हार्बरच्या गाडीने जाताना कॉटन ग्रीन स्टेशन तुम्ही शेकडो वेळा पाहिले असेल. कॉटन म्हणजे कापूस, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. पण 'ग्रीन' कुठले? ती हिरवळ शिवडीची नव्हेच. ती होती कोटात, टाउन हॉलसमोर. साहेबलोक तिला बॉम्बे ग्रीन म्हणत. आज तिथे हॉर्निमन सर्कलची बाग आहे.

या मैदानात कापसाच्या गासड्यांच्या थप्प्या लागत. हमालाने पाठ मोडून वाहायच्या, दलालाने बोली करायची, आणि माल चालला विलायतेला! कापूस इथला, कापड मँचेस्टरचे; नफा कोणाचा ते काय सांगू? १८४४ साली हा बाजार कुलाब्याला हलवला, पुढे शिवडीला. हिरवळ राहिली जागेवर, नाव तेवढे बाजाराबरोबर फिरले.

मागे राहिलेल्या मैदानाचा उकिरडा झाला. तेव्हा पोलीस कमिशनर फोर्जेट यांनी मधे बाग नि भोवती गोलाकार इमारती, अशी योजना पुढे रेटली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी पेटली. १८६१ ते १८६५ तिकडचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. पैशाचा नुसता पूर! लढाई संपली, भाव कोसळले, भलेभले बुडाले. बाग मात्र १८७२ पर्यंत पुरी झाली. नाव दिले लाटसाहेबांचे, एल्फिन्स्टन सर्कल.

स्वातंत्र्यानंतर ते नाव उतरले आणि बेंजामिन हॉर्निमन यांचे लागले. जातीचा इंग्रज, पण 'बॉम्बे क्रॉनिकल'चा हा संपादक आपल्याच सरकारवर तुटून पडला. १९१९ साली त्याला हद्दपार केले. १९२६ साली गडी परत आला! त्याचे नाव लागले ते योग्यच झाले. पण गासड्या वाहणाऱ्याची पाटी कुठे आहे? ताडदेवला पहिली कापडगिरणी निघाल्यावर जो कोकणातून, घाटावरून येऊन साच्यावर उभा राहिला, त्याची कुठे आहे? १९८२ च्या संपानंतर गिरण्याही गेल्या. गिरणगावात टॉवर उभे राहिले.

नातवंडांना घेऊन एकदा जा. चर्चगेटला उतरून चालत निघा. वाटेत हुतात्मा चौक लागेल. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे गोळ्या कोणी झेलल्या, ते पोरांना तुमच्या तोंडून कळू द्या. पुढे सेंट थॉमस चर्च. चर्चगेट हे नाव त्याच्यावरूनच पडले. मग बाग ओलांडून टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसा आणि त्यांना समोर बोट करून दाखवा, गासड्या कुठे रचत ते.