वीतभर बाईच्या भेटीला



मागच्या आठवड्यात दळण आणायला गेले, तर गिरणीतच तिघींनी घेरलं. "काय वहिनी, परदेशात गाडीनं फिरणार म्हणे! खरं का?" खरं आहे. येत्या सप्टेंबरच्या शेवटी मी धाकट्या लेकीकडे फ्रान्सला जाणार आहे. ती मोंपेलिए नावाच्या शहरात नोकरी करते. तिथून आम्ही दोघी तिच्या गाडीनं, जुन्या रोमन लोकांची ठिकाणं बघत, इटलीतल्या नेपल्सपर्यंत जाणार. अजून पाऊल उचललेलं नाही. पण नुसतं ठरवण्यात आठ महिने गेले. त्यात जे शिकले, ते आज सांगते. काशीला जा नाहीतर रोमला, ते उपयोगी पडेल.

आधी सांगते, रोमन लोकांशी माझा काय संबंध. आमच्या गावापासून तेर जवळ. तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. पण त्यांच्याही हजार-बाराशे वर्षं आधी तेर ही मोठी बाजारपेठ होती. तेव्हा तिला तगर म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं व्यापाराचं पुस्तक आहे. त्यात लिहिलंय की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, आणि तिथून गाड्यांवर लादून कापड भडोचच्या बंदराला जातं. तिथून जहाजं थेट रोमन मुलखाकडे जात. तेरला रोमन लोकांच्या सुरयांची खापरं सापडली आहेत. हस्तिदंताची एक बाईही सापडली आहे, अंगभर दागिने घातलेली.

आणि तशीच एक बाई इटलीत सापडली! पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घरात १९३८ साली खोदताना ही मूर्ती मिळाली. उंची वीतभर. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता बरेच जण यक्षी म्हणतात. ती भोकरदनच्या आणि तेरच्या मूर्तींशी जुळते, असं अभ्यासक दाखवतात. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. लेकीनं मोबाइलवर तिचा फोटो दाखवला, तेव्हाच मी मनात धरलं, हिला भेटायचं.

आता ठरवण्याची गोष्ट. लेकीनं पहिली यादी पाठवली, त्यात दहा दिवसांत चौदा ठिकाणं! स्पेनचं सेगोव्हिया, मेरिदा, फ्रान्सचं नीम, आर्ल, ओरांज, मग रोम. नेपल्स मात्र नव्हतं. मी म्हटलं, "बाळा, हे दर्शन नाही, ही पळापळ आहे." ती म्हणाली, "आई, नेपल्स इथून बाराशे किलोमीटरच्या वर आहे. गाडी मी एकटी चालवणार. वीतभर मूर्तीसाठी एवढं लांब?"

फोनवर आमची चांगलीच जुंपली. दोन दिवस बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी मीच फोन लावला. म्हटलं, "ती इथली बाई. कुणीतरी तिला गाडीत घालून नेलं, जहाजात चढवलं, आणि ती तिकडचीच झाली. तू घरापासून सात हजार किलोमीटर लांब गेलीस. माझी लेक बघायला मी येतेय, तर तिलाही बघून येते." पलीकडून आवाज नाही. मग म्हणाली, "बरं आई. मग बाकीचं काय काय सोडायचं ते तू सांग."

हा पहिला धडा. आधी एकच ठिकाण ठरवा, ज्याच्याशिवाय प्रवास फुकट जाईल. मग बाकीचं त्याच्याभोवती बसवा. आम्ही सेगोव्हिया, मेरिदा, ओरांज, तिन्ही सोडली. दहाचे चौदा दिवस केले. चालवणारी एकटी, म्हणून एका दिवसात साडेतीनशे किलोमीटरच्या वर गाडी हाकायची नाही, आणि अंधार पडायच्या आत मुक्काम, हे दोन नियम केले.

जाताना पहिला मुक्काम नीम. त्याच्या जवळ पाँ द्यु गार म्हणजे गार नदीवरचा पूल आहे. हा पूल बघायची मला मूर्तीइतकीच ओढ आहे. तीन मजली दगडी कमानी, उंची ४९ मीटर. पण तो माणसांसाठी नव्हता, पाण्यासाठी होता. साधारण ५० किलोमीटरवरून झऱ्याचं पाणी पाटानं नीम शहरात आणलं होतं. आणि झरा ते शहर, सगळा उतार मिळून साधारण साडेबारा मीटर. म्हणजे एका किलोमीटरला वीतभर उतार! ना मोटर, ना वीज. कुठे हातभर चुकलं असतं तर पाणी अडलं असतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत घागरी मांडून बसलेल्या बाईला हे ऐकून काय वाटतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग आर्लचं रिंगण. तिथून समुद्राच्या कडेनं नीस, जेनोवा, मग रोममध्ये तीन दिवस. रोम ते नेपल्स सव्वादोनशे किलोमीटर. परतीला तेवढाच रस्ता पुन्हा चालवायचा म्हणजे लेकीची दमछाक. त्याला तोड निघाली. रोमजवळ चिव्हितावेक्किया नावाचं बंदर आहे. तिथे गाडीसकट जहाजात चढायचं, रात्र जहाजात काढायची आणि स्पेनच्या बार्सिलोनाला उतरायचं. तिथून घर साडेतीनशे किलोमीटर. वाटेत नार्बोन शहराच्या चौकात जुन्या रोमन रस्त्याचा तुकडा उघडा ठेवलाय. इ. स. पूर्व ११८ मध्ये इटलीहून स्पेनला जाण्यासाठी काढलेला रस्ता. म्हणजे आमची शेवटची वाट त्यांच्याच वाटेवरून.

आता बारीकसारीक गोष्टी. इटलीत शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते. कुणी अडवत नाही, फक्त कॅमेरा नंबर टिपतो, आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी घरी येतो. म्हणून गाडी गावाबाहेर लावायची आणि आत बसनं जायचं. कलोसियमचं तिकीट नावानं आणि वेळेनं मिळतं, पासपोर्ट जवळ लागतो. नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी बंद. आमच्या पहिल्या आराखड्यात तिथे नेमका मंगळवारच होता! एवढं लांब जाऊन कुलूप बघून आलो असतो. शिवाय संग्रहालयाची काही दालनं ठरावीक वेळीच उघडतात, म्हणून मूर्तीचं दालन कधी उघडं असेल, हे लेकीनं पत्र पाठवून विचारलंय. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाँपेईला तिकीट लागत नाही. पण त्या दिवशी गर्दी उसळते, आणि माझे गुडघे गर्दीतले नाहीत. आम्ही पैसे भरून मधला वार घेतला.

पाँपेईला एक पूर्ण दिवस ठेवलाय. तिथे राजवाड्यांपेक्षा मला घरं बघायची आहेत. एका भट्टीत ८१ पाव तसेच सापडले, कोळसा झालेले. दळायची जाती उभ्यानं फिरवायची, गाढवं नाहीतर गुलाम जुंपलेले. रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या अजून आहेत. आणि भर चौकात एक मोठी इमारत आहे, ती युमाकिया नावाच्या बाईनं स्वतःच्या आणि मुलाच्या नावानं बांधली. ती पुजारीण होती. कापड धुणाऱ्या कारागिरांनी तिचा पुतळा उभारला. युलिया फेलिक्स नावाची दुसरी बाई. तिनं आपलं न्हाणीघर, दुकानं आणि माडीवरच्या खोल्या पाच वर्षांच्या भाड्यानं द्यायच्या आहेत, अशी पाटी भिंतीवर रंगवून घेतली होती. दोन हजार वर्षांपूर्वी! आपल्यातल्या कितीजणींच्या नावावर घराचा उतारा आहे, हे आज घरी गेल्यावर बघा.

कागदपत्रांचं सांगते. माझा जास्त मुक्काम फ्रान्सला, म्हणून व्हिसा फ्रान्सचा. तोच इटली आणि स्पेनलाही चालतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. ३०,००० युरोचा आजारपणाचा विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. पैसा म्हणाल तर विमानाचं तिकीट माझ्या भिशीतून आणि शेवया-पापडाच्या कमाईतून, तिकडचा खर्च लेकीचा. गटाचं कर्ज घेतलं नाही. फिरायला कर्ज घ्यायचं नाही, हा आमच्या गटाचा नियम आहे.

"या वयात कशाला?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. मालक गेल्यावर कुठे जायचं झालं की मी मुलालाच विचारायची. या वेळी विचारलं नाही, सांगितलं. तो घटकाभर गप्प बसला. मग आत गेला आणि बापाची जुनी सुटकेस काढून पुसायला लागला.

मागच्या रविवारी मी गटातल्या सहाजणींना घेऊन तेरचं संग्रहालय बघून आले. आयुष्यभर इतक्या जवळ राहून आम्ही सातजणी पहिल्यांदाच आत गेलो. तुम्हीही जा. तिथल्या खापराजवळ, मूर्तीजवळ घटकाभर उभ्या राहा. आपल्या मुलखातून गाड्या कुठवर जात होत्या, ते कळेल.

परत आले की नेपल्सच्या बाईची खुशाली सांगेनच. तोवर नमस्कार.