परदेशातून घरी परतल्यावर

मुलाकडे अमेरिकेत चार-सहा महिने राहून आई-बाबा परततात आणि रात्री दोनला टक्क जागे! उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. शरीराचं घड्याळ मात्र रोज साधारण तासाभरानंच सरकतं. म्हणून नऊ-दहा दिवस धीर धरा, सकाळचं ऊन अंगावर घ्या, दुपारी ताणून देऊ नका.

बंद घरात शिरताच आधी खिडक्या उघडा. गॅसचा वास नाही ना, याची खात्री करूनच दिव्याचं बटण दाबा. नळात साचलेलं पाणी सोडून द्या, टाकी धुऊन घ्या. कुंड्यांखालच्या ताटल्या घासून काढा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. बॅगा मग सावकाश उघडा.