गुलाल, दवणा आणि फॉरवर्ड

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त जोतिबाला काढलेल्या सहलीत केलेले भाषण)

अध्यक्ष महाशय, सभासद बंधू-भगिनींनो आणि मागं मोबाईल बघत बसलेल्या नातवंडांनो,

मला बोलायला दहा मिनिटं दिलीत. बँकेतला माणूस आहे, जास्त घेणार नाही.

लहानपणी वडिलांबरोबर गायमुखाच्या वाटेनं चालत हा डोंगर चढायचो. चढता चढता ते गोष्ट सांगायचे : केदारनाथ हिमालयातून आले, रत्नासुराला मारलं, कोल्हासुराविरुद्ध अंबाबाईच्या मदतीला धावले. दम लागला की गोष्ट थांबायची. माझ्या डोक्यातला जोतिबा असा थांबत थांबत तयार झाला.

२०२० साली कोरोनामुळं चैत्र यात्रा भरली नाही. सासनकाठ्या आल्या नाहीत, गुलालानं लाल होणारा हा डोंगर कोरडा राहिला. त्याच ऑक्टोबरात टीव्हीवर जोतिबाची मालिका सुरू झाली. देऊळ बंद आणि देव रोज संध्याकाळी घरात! डोंगरावरच्या लोकांनी कथेला आक्षेप घेतला. ‘केदार विजय’ ग्रंथाला धरून दाखवा म्हणाले. आमच्या नातीला मी वडिलांची गोष्ट सांगायला गेलो, तर म्हणाली, ‘आजोबा, असं नाहीये, मी बघितलंय.’ बघितलंय म्हटल्यावर माझ्या ऐकलेल्याचं काय चालणार?

देव आणि राजकारण कधी लांब होते असं नाही. हे देऊळ १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधलं; ते लढणारे सरदार होते. पण तेव्हाची बातमी घोड्यावरून यायची. वाटेत दोन माणसांना विचारायला वेळ मिळायचा.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. २०२३ चा जून. स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं. ७ तारखेला बंद, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग सुरू करणाऱ्या शाहू महाराजांच्या गावात! त्या सकाळी मला एक फोटो आला, खाली ‘काल रात्री आपल्याच भागात’ असं लिहिलेलं. मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. नोकरीच्या अख्ख्या काळात सही जुळवल्याशिवाय मी एक चेक पास केला नाही, आणि इथं कुणाची सही आहे हेसुद्धा बघितलं नाही.

तासाभरात तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या सभासदांच्या मुलानं खाली लिहिलं : ‘काका, हा फोटो दुसऱ्या राज्यातला आहे, जुना आहे.’ बाकी एक शब्द नाही. मग ते बाप-लेक दोघंही ग्रुपमधून बाहेर पडले.

आम्ही यात्रेला येतो तेव्हा आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडं असते. परत गेलो की आमच्या सौ. त्यांना खोबरं आणि दवणा देतात. दवण्याचा वास त्यांना आवडतो, कपाटात ठेवतात.

फोटो पुसायला गेलो तर नेट बंद. शहरातलं इंटरनेटच सरकारनं थांबवलेलं. मी खुर्चीत बसून फोन हलवतोय, सौ. म्हणाल्या, ‘दोन जिने तर उतरायचेत.’

ते दोन जिने उतरायला मला संध्याकाळ झाली. खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती. दार त्यांनीच उघडलं. मी म्हणालो, ‘चूक झाली.’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘साहेब, तुम्ही टाकलात म्हणून लागलं. दुसऱ्या कुणी टाकला असता तर मी बघितलाही नसता.’ चहा झाला, पण तो नेहमीसारखा नव्हता. पुढच्या चैत्रात किल्ली द्यायला सौ. गेल्या, माझा धीर झाला नाही.

ग्रुपवर ते अजून परत आलेले नाहीत. मुलगा आलाय. आजच्या सहलीला मात्र ते आलेत, तिकडं खांबाजवळ बसलेत. नाव घ्यायचं नाही या अटीवर मला हे बोलू दिलंय. घरी नेण्यासाठी दवणा त्यांनी सकाळीच घेऊन ठेवलाय, या खेपेला स्वतःच्या पैशानं.

पानं वाढायला घेतलेली दिसतात. जोतिबाच्या नावानं चांगभलं!