शास्त्रनिबंधाचा विषय आणि आधार कसे शोधावेत?

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शास्त्राचा निबंध लिहावयाचा म्हटले की आपली मुले 'प्रदूषण' किंवा 'अणुशक्ती' असा अवाढव्य विषय घेतात आणि कुणाच्या तरी जुन्या वहीतून पाने उतरवून काढतात. यात दोष त्यांच्या बुद्धीचा नाही. विषय फार मोठा असला की स्वतः शोधण्यासारखे हाती काहीच लागत नाही. म्हणून निबंधाचा आरंभ विषयाने नव्हे, तर प्रश्नाने करावा.

उदाहरणार्थ, 'आंबा' हा विषय झाला. 'हापूस आंब्यात साका का होतो?' हा प्रश्न झाला. साका बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावरच आतला पांढुरका, आंबट गर नजरेस पडतो. आपल्या कोकणातील मुलाला हा प्रश्न घरच्या बागेतच सापडतो.

आता आधार कोठे शोधावेत? ग्रंथालयात पुस्तकांची सूची असते, तशी शोधलेखांचीही असते. तिला डेटाबेस म्हणतात. आज ती संगणकावर पाहता येते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'त भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध आहेत. शेतीविषयक प्रबंधांसाठी 'कृषिकोश' आहे. वैद्यकीय लेखांसाठी 'पबमेड' आहे. येथे शोध घेण्यास पैसे पडत नाहीत.

मात्र तेथे 'साका' हा शब्द फारसा उपयोगी पडत नाही. इंग्रजीत त्याला 'स्पाँजी टिश्यू' म्हणतात, हे आधी शिक्षकांकडून वा ग्रंथपालांकडून जाणून घ्यावे. नुसते 'मँगो' लिहिल्यास लेखांचा ढीग समोर येतो. 'स्पाँजी टिश्यू' आणि 'अल्फान्सो' हे शब्द एकत्र दिल्यास नेमके लेख मिळतात. मराठी वा उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याने घाबरू नये. असे आठ-दहा शब्द वहीत टिपले की काम सुरू होते.

प्रथम लेखाचा सारांश वाचावा. उपयुक्त वाटल्यास शेवटची संदर्भसूची पाहावी. तीवरून जुने लेख सापडतात. साक्याचेच पाहा. काही संशोधकांनी तापलेल्या जमिनीतून येणाऱ्या उष्णतेकडे बोट दाखविले. तर २००४ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकातील एका लेखात, फळ झाडावर असतानाच आतील बी रुजू लागते, याकडे लक्ष वेधण्यात आले. ही मते कोणत्या पुराव्यावर उभी आहेत, हे तपासले की निबंध आपला होतो. मात्र ज्याचे मत घेतले, त्याचे नाव, लेखाचे वर्ष आणि नियतकालिक लिहिलेच पाहिजे.

पालकांना एक विनंती. आपणांस इंग्रजी येत नसेल, तरी चालेल. 'किती पाने लिहिलीस?' असे न विचारता, 'हे तुला कोठे मिळाले?' एवढे जरूर विचारा. या एका प्रश्नाने नक्कल करण्याची सवय सुटेल.