फडाची मालकीण



आज हप्त्याचं बोलणार नाही, घाबरू नका! आज तमाशाचं बोलायचंय. हसताय ना? पण सिन्नर ओलांडलं की पुढं संगमनेर. तिथल्या कांताबाई सातारकरांची गोष्ट आपल्या कामाची आहे.

कांताबाई लहानपणापासून फडात. नाचायच्या, गायच्या, आणि वगात शिवाजी महाराजांची भूमिकासुद्धा करायच्या. बाईमाणूस महाराज झालंय, आणि समोर गाव गप्प बसून बघतंय! तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या, त्यांच्याशीच लग्न झालं. फड नावारूपाला आला. १९६४ साली खेडकर वारले. पदरात लहान मुलं. आणि ज्या फडासाठी रात्र रात्र घुंगरू बांधले, तो फडच सोडायची वेळ आली.

काही वर्षं दुसऱ्याच्या फडात काम केलं आणि मग स्वतःचा फड उभा केला. नाव ठेवलं, 'तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर'. नवऱ्याचं नाव पुढं, पण मालकीण त्याच.

आता फड चालवणं म्हणजे काय ते ऐका. मोठ्या फडात शंभरावर माणसं. नाचणाऱ्या, ढोलकीवाला, सोंगाड्या, तंबू ठोकणारे, ड्रायव्हर, स्वयंपाकी. हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला उचल द्यायची, ती बहुतेक कर्ज काढूनच. दसऱ्याला निघालेला फड वैशाखापर्यंत बाहेर. जत्रेची सुपारी मिळाली तर बरं, नाहीतर तंबू लावून तिकिटावर. एक अवकाळी पाऊस आला की त्या रात्रीचा गल्ला बुडाला, पण शंभर माणसांचं जेवण थांबत नाही. आपल्या दहा जणींच्या गटाचा हिशोब जुळवताना रात्र होते, मग विचार करा!

मुलगी मंदाराणी, मुलगा रघुवीर, दोघंही फडातच तयार झाले. सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार पहिला मिळाला तो कांताबाईंना.

मला मात्र त्यांचं १९६४ सालच आठवत राहतं. नवऱ्याबरोबर धंदा करणाऱ्या आपल्यात किती जणी आहेत! पोल्ट्री, किराणा, द्राक्षबाग. दुकानाच्या कागदावर, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? आज घरी गेल्यावर जरा बघा. पुढच्या बैठकीला मी विचारणार आहे, आणि 'ह्यांना माहीत आहे' हे उत्तर चालणार नाही.

२५ मे २०२१ ला, कोरोनात, कांताबाई संगमनेरला गेल्या. जत्रा बंद होत्या, फड घरीच बसून होते.