शिक्षकांचे ओझे



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या हायस्कुलातील शिक्षक-शिक्षिकांची स्तुती पुष्कळ झाली, व ती यथार्थच आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेस हिरडा वेचण्याचे वा भाताच्या आवणीचे दिवस आले, की बाके रिकामी पडू लागतात. कित्येक आईबाप मजुरीसाठी नारायणगावाकडे जातात. अशा वेळी फळ्यावर गणित मांडणाराच डोंगर चढून घरी जातो, वडीलधाऱ्यांची समजूत घालतो, तापलेल्या मुलास दवाखान्यात नेतो, दाखल्याचा अर्जही लिहून देतो. तोच गुरू, तोच पालक, तोच कारकून.

१९५० साली पोप बारावे पायस यांनी ज्यांस शिक्षकांचे आश्रयदाते ठरविले, त्या संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांनी आपल्या निर्धन शिक्षकांस ईश्वरावर भरवसा ठेवण्याचा उपदेश केला. धनवानास असे बोलणे सोपे आहे, असे शिक्षकांनी त्यांस सुनावले. संतांनी राग धरला नाही. १६८३ साली त्यांनी रीम्स येथील कॅननपद सोडले आणि पुढे दुष्काळात आपले धन गरिबांस वाटून टाकले.

हा धडा प्रथम मजसाठी आहे. त्यागाचा उपदेश मी शिक्षकांस अनेकदा केला. त्यांचे ओझे मात्र क्वचितच उचलले. म्हणून हारतुऱ्यांवर न थांबता एवढे करू या: येत्या आवणीत गैरहजर मुलाच्या घरी शिक्षक निघाला, की आपल्यापैकी एकाने त्याच्यासोबत जावे. पहिल्या दिवशी मी जाईन.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.